पंधरा टक्के शेजारी : इंदूरच्या मराठी सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
इंदूरच्या मराठी भागांतील गृहनिर्माण सोसायट्या आणि रहिवासी संघ

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सही मागण्यासाठी आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. शहराचा नवा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होईल तेव्हा आमच्या गटाच्या सूचनेवर तुमच्या सोसायटीचा शिक्का आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या हव्या आहेत. सूचना छोटी आहे. नवी कॉलनी कापताना, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडताना, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जे प्लॉट राखायचे असतात, ते त्याच कॉलनीत राखावेत आणि पैसे भरून त्यातून सुटायची वाट बंद करावी. खाली जे लिहिलंय ते सगळं याच्याच आगेमागे आहे.

पत्र आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्या भागात सध्या एक उलटा अर्ज फिरतो आहे. मागच्या मोकळ्या जमिनीवर कमी उत्पन्न गटाची मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, येणार अशी कुणकुण लागली आणि लगेच ‘परिसराचे वातावरण बिघडेल’ असा मजकूर टाइप होऊन घरोघर गेला. माझ्या दारातही आला. घेऊन येणारे काका भले गृहस्थ आहेत, गणेशोत्सवाची वर्गणी तेच गोळा करतात. त्यांनी पेन पुढे केलं तेव्हा आत माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणं चालू होतं, आणि लाटणाऱ्या बाईंना बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ज्यांच्यामुळे वातावरण बिघडणार, त्या रोज सकाळी तुमच्या-माझ्या घरात ओट्याशी उभ्या असतात. मी सही केली नाही. काकांना वाईट वाटलं असेल तर त्यांनी पुढचंही वाचावं, ही विनंती.

आमच्या गटाला नाव नाही. नाव ठेवलं की नोंदणी आली, नोंदणी झाली की पदाधिकारी आले आणि पदाधिकारी झाले की भांडणं आली, असं एकीनं पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. रविवारी दुपारी देवळाच्या ओट्यावर बसतो. पोळ्यावाल्या, धुणीभांडी करणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बायका, दोन शिंपी, एक रंगारी, शाळेची व्हॅन चालवणारा एक मुलगा. काहींच्या घरी मराठी, काहींच्या माळवी, काहींच्या निमाडी. बोलणं हिंदीत होतं. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेली, त्यामुळे कागद वाचणं आणि अर्ज लिहिणं माझ्या गळ्यात पडलं.

या बायकांनी एक नकाशा केला आहे. जुन्या मोठ्या कॅलेंडरच्या पाठीवर शहर काढलं: राजवाडा, रिंग रोड, स्टेशन, विमानतळ. मग पर्समधून टिकल्यांची पाकिटं निघाली. जिथे कामाला जातो तिथे लाल टिकली, जिथे राहतो तिथे हिरवी. लाल टिकल्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर, अन्नपूर्णा रोड इथे इतक्या दाटल्या की एकीवर एक बसल्या. हिरव्या कागदाच्या कडेकडेला सरकत गेल्या. काहींना कागदच पुरला नाही, त्या खाली फरशीवर लावाव्या लागल्या. नगर नियोजनाची पदवी घेतलेल्या कुणाला हे एवढ्या लख्ख मांडता आलं असतं असं मला वाटत नाही.

फरशीवर ज्यांची टिकली लागली, त्यातल्या एकीचं सांगते. जेल रोडच्या मागच्या गल्लीत एका वाड्यात तिची सासू भाड्याने राहायची, मग ही राहिली. मालकाच्या मुलांनी वाडा बिल्डरला दिला. भाडेकरूंच्या हातावर थोडे पैसे टेकवले. त्या पैशांत आसपास खोली मिळेना, म्हणून हे कुटुंब विमानतळाच्याही पलीकडे गेलं. आता ती अंधारात उठते, स्वतःचा डबा करते, नाक्यावर येते. मॅजिक, म्हणजे वाटून जायची छोटी गाडी, पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. तिथून सिटी बस, मग चालत. साडेसातला तुमची बेल वाजते. सात पस्तीसला वाजली तर आपण विचारतो, ‘आज उशीर?’

आता थोडं आपल्याबद्दल, कारण पत्र आपल्याला आहे. आपल्यातल्या बहुतेकांची घरं कुठून आली? आजोबा-पणजोबा होळकरांच्या कचेरीत, नंतरचे मिलच्या हिशेबखात्यात, शाळेत, रेल्वेत, बँकेत. नोकरदार माणसांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढल्या, शहराबाहेर शेतजमीन घेतली, हप्त्याहप्त्याने पैसे भरले. कुणाला इंदूर विकास प्राधिकरणाच्या स्कीममध्ये ठरलेल्या दराने प्लॉट लागला. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या काळात सहकारी संस्थांना सूट मिळत असे, तिचाही फायदा झाला. ऑफिसातून आणि एलआयसीकडून कमी व्याजाचं कर्ज मिळालं. म्हणजे सरकारने कारकुनाला घर बांधायला मदत केली, कारकुनाने घर बांधलं, आणि आज त्या घराची किंमत त्याच्या नातवाला सांगतानाही लाज वाटावी इतकी आहे. त्या मदतीला तेव्हा कुणी रेवडी म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. पण तीच मदत पोळ्यावाल्या बाईपर्यंत पोचायची वेळ आली की आपल्याला करदात्यांचा पैसा आठवतो.

पंधरा टक्क्यांचा विषय इथूनच निघतो. मध्य प्रदेशात कॉलनायझर, म्हणजे कॉलनी पाडणारा बिल्डर, जमीन घेऊन कॉलनी कापतो तेव्हा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी १५ टक्के राखण्याचा नियम आहे. चांगला नियम आहे. त्यामागचा विचारही साधा: जिथे मोठे बंगले होणार तिथे धुणं धुणारी, माळी, वॉचमन, ड्रायव्हर लागणारच, तर त्यांची घरंही तिथेच असावीत. पण नियमाला मागचं दार आहे. ‘आश्रय शुल्क’ म्हणून ठरावीक रक्कम भरली की कॉलनायझर मोकळा. पैसे सरकारी निधीत जातात, आणि त्या निधीतून कुठे तरी, कधी तरी गरिबांसाठी काही तरी करायचं असतं. ‘कुठे तरी’ म्हणजे कुठे, ते आमच्या नकाशावर दिसतं. जमीन स्वस्त असते तिथे, म्हणजे फरशीवर.

आश्रय शुल्काचा हिशेब बँकेच्या सवयीने पाहिला तर कॉलनायझरचं गणित चुकीचं नाही. छोट्या प्लॉटवर मिळणारा पैसा आणि त्याच जागेवर मोठा प्लॉट विकून मिळणारा पैसा यात एवढं अंतर आहे की शुल्क भरणंच परवडतं. ‘वस्ती शेजारी नाही’ ही गोष्ट तो तुम्हा-आम्हाला वेगळी विकतो. माहितीपुस्तिकेवर तसं छापलेलं नसतं, किमतीत धरलेलं असतं. गोष्ट शेवटी जागेची आहे. कितीही पैसे जमा झाले तरी अन्नपूर्णा रोडजवळची जमीन त्या निधीतून परत येत नाही. ती एकदाच असते आणि कॉलनी कापली जाते त्या दिवशी तिचा निकाल लागतो.

आणि हे राखून घेणं अशक्य आहे असंही नाही. रस्ते, गटारं, वीज पूर्ण होईपर्यंत कॉलनायझरचे २५ टक्के प्लॉट आजही बंधक, म्हणजे तारण, ठेवून घेतले जातातच. काम झालं की सोडतात. गटारासाठी ठेवता येतात तर छोट्या प्लॉटांचं वाटप होईपर्यंतही ठेवता येतील. प्राधिकरणाच्या नव्या टीपीएसमध्ये, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीममध्ये, तर निम्मी जमीन मालकाला परत मिळते आणि उरलेल्यात रस्ते, बगीचे आणि प्राधिकरणाने विकायचे प्लॉट असतात. ते प्लॉट निविदेने, जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला जातात. सरकारी संस्थाच बोली वाढवत नेते आणि मग शहरात घरं महाग झाली म्हणून आपण सगळे मिळून हळहळतो.

राखीव प्लॉट मिळाला नाही म्हणजे माणूस घराविना राहतो असं नाही. तो ‘डायरी’वर जातो. इंदुरात जमिनीच्या धंद्याशी ज्याचा थोडाही संबंध आला त्याला डायरी माहीत आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: रीतसर कागदाऐवजी हप्ते डायरीत लिहून घेत प्लॉट विकायची ही रीत. गटातल्या शिंप्याने त्याची डायरी आणून दाखवली. खिशात मावेल एवढी, लाल रेक्झिनची, कुठल्या तरी खतकंपनीची भेट म्हणून वाटलेली. आत पानागणिक तारीख, रक्कम आणि एक आद्याक्षर. कॉलनीचं नाव नाही, खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर नाही, घेणाऱ्याची पूर्ण सही नाही. पहिल्या पानावर बॉलपेनने प्लॉटचा नंबर आणि भोवती गोल. एवढ्या कागदावर या माणसाने मशीनवर मान मोडून कमावलेले पैसे वर्षानुवर्षं भरले. शेवटी रजिस्ट्री, म्हणजे खरेदीची सरकारी नोंद, झाली नाही; नोटरीपुढचा साधा करार करून दिला. कारण जमीन शेतीची, डायव्हर्शन (बिगरशेती परवानगी) झालेलं नाही, कॉलनी अवैध.

याचा पुढचा फेरा कागदावर मांडला की कळतो. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या एका घटकात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि आपल्या राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. पण जागा स्वतःची आहे हे दाखवायला कागद लागतो. नोटरी चालत नाही. म्हणजे ज्याला रीतसर प्लॉट मिळू दिला नाही, त्यालाच रीतसर प्लॉट नाही म्हणून अनुदान नाही. बँकेत हेच होतं. दर महिन्याला न चुकता हप्ता भरणारी बाई असते, पण पगारपत्रक नाही आणि तारण नाही. खातं कितीही स्वच्छ असो, फाइल वर जातच नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून या फाइली मी पाहिल्या आहेत.

मल्टीबद्दलही बोलायला हवं, कारण ‘एवढ्या मल्ट्या बांधल्या, त्यात का जात नाहीत’ हा प्रश्न मला लिफ्टमध्ये सुद्धा विचारला जातो. बांधल्या, खऱ्या आहेत. देशातल्या सहा ‘लाइट हाउस’ प्रकल्पांपैकी एक इंदुरात झाला, १,०२४ घरांचा, नव्या तंत्राच्या तयार भिंती वापरून. बांधकाम म्हणून मला त्याचं कौतुकच आहे. पण तंत्र नवं असो की जुनं, तिथे राहणाऱ्याचे प्रश्न तेच असतात. शिंप्याचं गिऱ्हाईक सातव्या मजल्यावर फॉल-पिको करून घ्यायला चढत नाही. पापड-कुरडया वाळवणाऱ्या बाईला गच्चीचं कुलूप उघडून मिळत नाही. लिफ्ट बंद पडली की देखभालीची वर्गणी कुणी काढायची यावर दोन महिने जातात. आणि कामाच्या जागेपासून लांब गेलं की बाई आधी एक घर सोडते, मग दुसरं. भाडं वाचतं तेवढंच उत्पन्नही जातं. कुठल्या मजल्यावर कोण, खाली दुकानाला गाळा किती, एवढं जरी राहणाऱ्यांना आधी विचारलं असतं तरी निम्म्या तक्रारी कागदावरच मिटल्या असत्या.

विचारून घरं बांधणं ही काही परदेशी कल्पना नाही. ती याच शहरात होऊन गेली आहे आणि आपण विसरलो आहोत.

विजय नगरच्या पलीकडे, स्कीम ७८ मध्ये अरण्य नगर आहे. तुमच्यातले किती जण रोज तिथून गाडीने जात असतील. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने, जागतिक बँक आणि हुडको या सरकारी गृहवित्त संस्थेच्या पैशांतून, ते वसवायला घेतलं. आखणी वास्तुशिल्पकार बाळकृष्ण दोशी यांची. सुमारे ८६ हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, त्यातले बहुसंख्य गरीब कुटुंबांसाठी. सगळ्यात छोटा प्लॉट ३५ चौरस मीटरचा. पूर्ण घर बांधून दिलं नाही. जोतं, संडास-न्हाणी आणि पाण्याची जोडणी दिली; वरचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, सवडीने वाढवायचं. घरं कशी वाढू शकतात हे दिसावं म्हणून ८० नमुना घरं बांधून दाखवली. पुढे ओटा, वर जिना, मग गच्चीवर एक खोली. मोठ्या रस्त्यांलगतचे मोठे प्लॉट चढ्या भावाने विकले आणि त्यातून आतल्या छोट्या प्लॉटांचा खर्च भरून काढला. म्हणजे श्रीमंत आणि गरीब एकाच नकाशात, एकमेकांच्या हिशेबात. या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये दोशींना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा जगभरात अरण्यचं नाव पुन्हा निघालं. तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो फिरले होते. त्याच ग्रुपवर आता ‘मल्टी नको’ फिरतंय.

तुम्ही म्हणाल, अरण्यमध्ये आज मूळची किती कुटुंबं उरली? प्रश्न बरोबर आहे. बऱ्याच जणांनी प्लॉट विकले, पैसेवाल्यांनी दोन-दोन जोडून घरं उठवली. गटात यावर भरपूर वाद झाला. एकीचं म्हणणं, मुलीचं लग्न किंवा आजारपण आलं तर गरिबाने आपली मालमत्ता विकू नये हा कुठला न्याय, तुम्ही नाही का विकत? मला अजून यावर तिला पुरतं उत्तर देता आलेलं नाही. पण सरकारच्या पैशातून मिळालेलं घर पुन्हा बाजारात जाऊन महाग होत असेल, तर पुढच्या बाईसाठी काय उरतं, हाही प्रश्न आहेच. ओडिशाने २०१७ च्या कायद्यात यावर एक वाट काढली. वस्तीतल्या कुटुंबाला दिलेला जमिनीचा हक्क वारशाने जातो, गहाण ठेवून कर्जही काढता येतं, मात्र विकता येत नाही. आजारपणाला कर्ज मिळालं तर विकायची वेळ कमी येते. आमच्याकडेही पट्ट्याचा, म्हणजे राहत्या जमिनीच्या लेखी हक्काचा, कायदा १९८४ पासून आहे. शहरातल्या भूमिहीनाला राहत्या जागी ५० चौरस मीटरपर्यंत पट्टा. त्या कायद्याने किती बायकांची झोप राखली, ते वस्तीत जाऊन विचारा. पण पट्टा वस्तीतल्या झोपडीला मिळतो. वाड्यातल्या भाडेकरूला, डायरीवाल्याला त्याचा उपयोग नाही.

अजून एक काम इथलंच. अभियंता हिमांशु पारिख यांच्या कल्पनेतून इंदूरच्या १८३ वस्त्यांमध्ये रस्ते, गटारं, पाणी यांचं जाळं शहराच्या जाळ्याला जोडलं गेलं. त्यालाही १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार. कुणाचं घर पाडायचं नाही, आहे तिथेच सोयी न्यायच्या, हे त्याचं सूत्र. आणि त्याही आधी, होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना शहराचा आराखडा करायला बोलावलं होतं. प्लेगचे दिवस. गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढा असा तेव्हाचा सर्वसाधारण सल्ला असे. गेडिस गल्लीगल्लीत फिरले आणि पाडायचं कमी, दुरुस्त करायचं जास्त असं सांगितलं. दिवाळीची मिरवणूक, जी गल्ली सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त होईल तिथून जाईल अशी दवंडी पिटली आणि लोकांनी आपणहून शहर झाडून काढलं. प्लेगचा उंदीर करून जाळला, तो सगळा थाट वाचण्यासारखा आहे. त्यांचा अहवाल १९१८ चा. स्वच्छतेत सतत पहिला नंबर येतो म्हणून आपण २०१७ पासून मिरवतो. ओला-सुका कचरा वेगळा कसा करायचा हे वस्तीवस्तीतल्या बायकांना विचारून, शिकवून, त्यांच्यावर सोपवून ते जमलं. घराच्या बाबतीत त्यांनाच विचारायला काय हरकत आहे?

पुण्याचे नातेवाईक सगळ्यांचेच आहेत, म्हणून तिकडचंही एक सांगते. येरवड्यात साधारण २००९ पासून महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेने आणि स्पार्क संस्थेने सरकारी योजनेतूनच वस्तीतली जुनी कच्ची घरं आहे त्याच जागी पक्की करवून घेतली. घराचा नमुना कुटुंबाने निवडायचा, शेजाऱ्यांशी ठरवून भिंती सरकवायच्या. गल्ल्या तशाच राहिल्या, शेजार तोच राहिला.

आता तुमच्या शंका. किंमती पडतील: इंदुरात आजवर कुठल्या जमिनीची किंमत पडली, एक उदाहरण द्या. सुपर कॉरिडॉरवर मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना अजून मोकळी जमीन दिसते, तरी भाव विचारून बघा. नर्मदेचं पाणी कमी पडेल: छोट्या घरात पाणी आपल्यापेक्षा कमीच लागतं, गाड्या धुवायच्या नसतात. चोऱ्या होतील: ज्यांच्या हातात रोज घराची किल्ली देता, त्यांनाच चोर म्हणायचं असेल तर आधी किल्ली परत मागा. पार्किंगचं मात्र खरं आहे. आपल्याच तीन-तीन गाड्यांमुळे रस्ता उरलेला नाही.

भाड्याचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. सगळ्यांनाच विकत घर नको असतं. खंडव्याहून, बडवानीहून आलेल्या जोडप्याला दोन-चार वर्षं भाड्याची धड खोली हवी असते. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही घटक आहे. पण आपल्याकडे वरचा मजला रिकामा असूनही आडनाव ऐकल्यावर तो ‘मुलगा येणार आहे’ म्हणून बंद राहतो. ‘नोकरदार, शाकाहारी, छोटे कुटुंब’ या तीन अटींत कोण बसत नाही, हे पाटी लावणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. आराखड्यातून हे सुधारणार नाही. ते सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच सुधारावं लागेल, आणि तिथे मी पुढच्या वेळी हा विषय मांडणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.

हुकुमचंद मिलचं नाव घेतल्याशिवाय इंदुरात घराबद्दल बोलणं अपुरं आहे. मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. कामगार ५,८९५. त्यांच्या देण्यांचा निकाल लागून पैसे वाटायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येकांच्या बायका विधवा झाल्या होत्या, रांगेत त्याच उभ्या होत्या. साडेबेचाळीस एकर जमीन, शहराच्या मध्यावर, आता गृहनिर्माण मंडळाकडे. तिथे झाडं किती तुटणार यावर पुष्कळ बोललं गेलं आणि बोललंच पाहिजे. पण त्या जमिनीवर परदेशीपुरा-पाटणीपुऱ्यातल्या कुटुंबाला परवडेल असं एक तरी घर होणार का, हे विचारणाऱ्यांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. सरकारची जमीन, गावाच्या मध्यात, ज्यांच्या घामावर ती उभी राहिली ते लोक आसपासच. पंधरा टक्क्यांची सुरुवात खरं तर तिथूनच व्हायला हवी होती. आमच्या सूचनेत तिचा उल्लेख नावानिशी आहे.

तुम्हालाच पत्र का, असं विचाराल. या बायका मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे सरकारी तक्रार-सुनावणीला, जाऊन आल्या आहेत, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रारीही झाल्या. तक्रार ‘निराकृत’ (निकाली) म्हणून बंद होते आणि मोबाइलवर संदेश येतो. २०११ च्या जनगणनेत शहराची जवळपास तीस टक्के माणसं वस्त्यांत राहत होती, सुमारे पाच लाख नव्वद हजार. एवढ्यांचं म्हणणं एका टोकनवर संपतं. तुमच्या सोसायटीचं पत्र मात्र लेटरहेडवर जातं, आवक क्रमांक पडतो, आणि प्रत नगरसेवकाकडे गेली की त्याचा फोन येतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. आहे असं, आणि त्याचा उपयोग करून घ्यायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आधीचा विकास आराखडा २०२१ पर्यंतचा होता, त्याची मुदत उलटून गेली आहे. नव्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यानुसार हरकती-सूचनांसाठी निदान तीस दिवस द्यावे लागतात. तीस दिवसांत सोसायटीची बैठक बोलावून ठराव करणं आपल्याच्याने होत नाही हे मला अनुभवाने माहीत आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव आपण किती काळ चालवला ते आठवा. म्हणून ठराव आत्ता करून ठेवा. मजकूर हिंदीत तयार आहे. त्यात आश्रय शुल्काची पळवाट बंद करावी, राखीव प्लॉटांचं वाटप होईपर्यंत बंधक प्लॉट सोडू नयेत, टीपीएसमधले काही प्लॉट निविदेबाहेर ठेवून भाड्याच्या आणि छोट्या घरांना द्यावेत, आणि कुठल्या कॉलनायझरने किती शुल्क भरलं व ते कुठे खर्च झालं याचा तक्ता झोनच्या कार्यालयात लावावा, असं म्हटलं आहे. एखादं कलम पटलं नाही तर खोडून उरलेल्यावर सही करा, चालेल.

दर रविवारी चार वाजता आम्ही देवळाच्या ओट्यावर असतो. टिकल्यांचा नकाशाही तिथेच भिंतीला लावलेला असतो. शिक्का बरोबर आणा, नाही तर सचिवांना पुन्हा पाठवावं लागतं. ‘मल्टी नको’च्या अर्जावर ज्यांनी सही केली आहे, त्यांनीही या. तुमच्या शंकांना उत्तरं मी देणार नाही, त्या बायकाच देतील. थोडं जोरात बोलतात, तेवढं सांभाळून घ्या.

आपली,
एका सोसायटीची सभासद
इंदूर